शशीबायचा सोपो

विद्यापीठाच्या खरेदी विभागाने एकदा शशीबायला पत्र पाठवलं होतं. विषय: रस्त्यालगतचा सोफा. आपल्या आराखड्यातील चाळीस मीटर लांबीच्या अखंड सोफ्यास कापड कोणते अपेक्षित आहे, आणि पावसाळ्यात तो आत कसा घ्यावा, याचा खुलासा करावा, असा मजकूर. ते पत्र तिने मला फोनवर वाचून दाखवलं. वाचता वाचता तिला इतकं हसू आलं की फोन तसाच खाली ठेवून ती पाणी प्यायला गेली, आणि मी पाच मिनिटं तिच्या पार्शाच्या घरातल्या कोंबड्या ऐकत बसलो.

आता सोपो म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घराच्या पुढ्यात, उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना, चिऱ्यांचं बांधलेलं बसायचं असतं तो सोपो. त्यावर म्हातारे पेपर वाचतात, बायका भाजी निवडतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे निघालास म्हणून विचारलं जातं. शशीबायने अर्जात लिहिलं होतं 'सोपो'. विद्यापीठाच्या टंकलेखकाला ते चुकलेलं वाटलं, आणि त्या भल्या माणसाने स्वतःहून ते सुधारलं.

शशीबाय म्हणजे शशिकला परब, आर्किटेक्ट, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लिहिताना 'त्या' लिहावं एवढी रीत मलाही कळते. पण आमच्याकडे बोलताना सगळेच एकमेकांना तूं म्हणतात, आणि 'त्या' केलं की ती मला कुणी भलतीच बाई वाटायला लागते. मी विनायक, स्ट्रक्चरल इंजिनियर. आधी डिचोलीकडे खाणीवर होतो. ट्रक तोलायचे काटे आणि बार्जमध्ये माल भरायचे धक्के बांधायचो. खाणी बंद पडल्यावर शशीबायने मला तिच्या कामांवर घेतलं. घेण्याआधी माझे जुने धक्के बघायला आली. सगळीकडून फिरली, एका ठिकाणी टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, "घट आसात रे. पूण तांचेर बसता कोण? ट्रक." माझ्या वीस वर्षांच्या नोकरीची एवढीच समीक्षा आजवर झाली आहे.

तिच्याकडे एक खाकी कापडी पिशवी असे. तीत टेप, पाटीवर लिहायचे खडू, कागदात बांधलेले भाजके काजू आणि सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेली दोन-तीन कांकणं, म्हणजे आमच्याकडचा बांगडीसारखा कडक गोल पाव. समोर कुणीही बसलेला असो, चहा आला की कांकण बाहेर निघायचं आणि चहात बुडायचं. एकदा कांकण बोटात अडकवून ती ठेकेदाराला खिडक्या कुठे ते दाखवत होती. तो बिचारा अर्धा तास कांकणाकडेच बघत राहिला आणि दोन खिडक्या भलत्याच भिंतीत बसवून मोकळा झाला. "ती चूक कांकणाची," असं तिने मालकाला प्रामाणिकपणे सांगितलं. साडी सुती, पायात कॅनव्हासचे बूट, वाहन जुनी स्कूटर. त्या स्कूटरवर ती पार्से, मांद्रे, हरमल असा सगळा पेडणे तालुका पालथा घालायची. मांद्रे-हरमलला पर्यटकांच्या खोल्या बांधून देणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. हरमलच्या एका मालकाने सोप्याच्या जागी आणखी एक खोली काढा म्हटलं, तर ती तिथेच खाली वाळूत बसली आणि तो कबूल होईपर्यंत उठली नाही. तो कबूल झाला, कारण तिच्याभोवती चार रशियन येऊन बसले होते आणि त्याला वाटलं हे काहीतरी योगाचं चाललंय.

"पयलें बस, मागीर बोल." हे तिचं वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकायचो. हे नुसतं आदरातिथ्य नव्हतं, तिची कामाची रीतच ती होती. कुठलीही जागा बघायला गेली की ती आधी बसायची, आणि आलेल्या सगळ्यांना बसवायची. इस्त्रीच्या पँटी घातलेले लोक रुमाल अंथरून गवतात बसलेले मी पाहिलेत. तिचं म्हणणं असं की उभ्या माणसाला इमारतीची फक्त उंची दिसते. घर केवढं हे ती चौरस मीटरमध्ये सांगायची नाही, किती माणसं बसतील ते सांगायची. मग मी ती माणसं किलोमध्ये करून लोखंड काढायचो, आणि आमचं बरं चालायचं.

तर विद्यापीठाचं काम आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. पेडण्याचे म्हणतील ते डिचोलीकडचं, डिचोलीचे म्हणतील पेडण्याकडचं, आणि तसंच वाटू दे दोघांनाही. तिथली जुनी पेठ वारसा विभाग म्हणून राखलेली आहे. एक रस्ता, दोन्ही अंगांना बुटकी कौलारू घरं, खालच्या मजल्यात दुकानं, आणि घरासमोर सोपो. त्या रांगेत मधोमध एक जुनं मिठाचं कोठार होतं, ते पडून जागा मोकळी झालेली. तिथे विद्यापीठाला संशोधन केंद्र हवं होतं. खाणपट्ट्यातली माती, विहिरींचं पाणी, शेतात उतरलेला गाळ, यांचा अभ्यास करायचा, तर प्रयोगशाळा त्याच भागात हवी, हे बरोबरच होतं.

गंमत पुढे होती. वारसावाल्यांनी एक यादी दिली: शेजारच्या घरांहून उंच नको, वर मंगलोरी कौलंच हवीत, दर्शनी काच नको, बाहेरून एकही यंत्र दिसता कामा नये. विद्यापीठाने दुसरी यादी दिली: तीन मजले हवेत, गच्ची सपाट हवी, धुराडी हवीत, थंड खोल्या हव्यात, आणि एक असा सूक्ष्मदर्शक बसवायचा आहे की शेजारी कोणी जोरात शिंकलं तरी त्याला सोसत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर मला वाटलं, दोन वेगळ्या गावांची कामं आपल्या टेबलावर आली.

शशीबाय त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. मीही बसलो, बसावंच लागायचं. एक कांकण संपलं, दुसरं संपलं. मग ती पिशवी झटकून म्हणाली, "विनायका, जमीन फाटल्यान देंवता मरे." खरंच, प्लॉट मागच्या ओढ्याकडे, व्हाळाकडे, चांगला उतरत होता. झालं. रस्त्यावरून पाहिलं तर एक मजला, मागे व्हाळाकडून पाहिलं तर तीन. दोन कौलारू छपरांच्या मधल्या खोलगटीत धुराडी लपवली. पेठेतून बघणाऱ्याला वाटावं की हे घर इथे आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि त्याच्या पोटात सगळं नवं यंत्रकाम. उतारावर माती धरून ठेवायची भिंत माझ्या गळ्यात पडली आणि माझी दोन महिन्यांची झोप उडाली, पण तो विषय इथे नको.

आणि दर्शनी बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोपो.

त्याची उंची ठरवायला तिने जे केलं ते पेठेत अजून सांगतात. बाजाराच्या दिवशी टेप घेऊन ती रस्त्यावर उतरली आणि बसलेल्या बायकांचे गुडघे मोजायला लागली. "बाये, पाय सरळ दवर." मासेवाल्या, भाजीवाल्या, मिरच्यावाल्या. काहींना वाटलं सरकारने गुडघेदुखीचं काही काढलंय, त्या रांगेत उभ्या राहिल्या. एकीने आपल्या नवऱ्यालाही दुकानातून ओढून आणलं. सावित्री नावाची फुलंवाली होती, अबोली आणि जायांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायची. तिने आधी हातच लावू दिला नाही.

"कित्याक मोजता तें सांग."

"तुका बसपाक."

"म्हाका बसपाक जागो खंय आसा? हांव जमनीर बसतां."

"म्हणूनच मोजतां," शशीबाय म्हणाली.

सावित्रीचा गुडघा सगळ्यांच्या मधोमध आला. आमच्या आराखड्यावर त्या सोप्याच्या उंचीला शेवटपर्यंत 'सावित्री' हेच माप होतं. कामावरचे मेस्त्री एकमेकांना ओरडून सांगायचे, अरे सावित्रीपेक्षा दोन बोटं वर गेला, एक थर काढ.

त्या दिवशी चहा पिताना मी तिला म्हटलं, एवढा हट्ट कशाला, विद्यापीठाच्या कुंपणात आलं की सोप्यावर बसणार कोण, रखवालदार. तेव्हा तिने मला तिच्या आईचं सांगितलं. मला त्याआधी ठाऊक नव्हतं. तिची आवय पार्शाहून याच पेठेत बाजाराला यायची, पांटलीत मिरच्या, चिबडं, काजूच्या दिवसांत ओले गर घेऊन. बरोबर ही. कुणाच्या तरी सोप्याच्या कडेला टेकायचं, की आतून कोणीतरी यायचं, उठ गो, पावणे येवपाचे आसात. आई पांटली उचलायची, ही गोणपाट उचलायची. एका बाजारात तीनदा-चारदा.

"म्हाका लोक विचारतात, तूं आर्किटेक्ट खंय शिकलें?" ती म्हणाली. "उठता उठता शिकलें."

हसली, पण कांकण तिने चहात बराच वेळ धरून ठेवलं आणि त्याचा तुकडा तुटून तळाला गेला. मी इंजिनियरासारखा तोंड वळवून रस्त्याच्या उताराकडे बघत राहिलो.

सूक्ष्मदर्शकाचं तर महाभारत झालं. त्या केंद्राच्या प्रमुख होणाऱ्या डॉ. मीनाक्षी हळू आवाजात बोलणाऱ्या, नीटनेटक्या बाई. त्यांचं यंत्र बसवायचं त्या जागेचा हादरा मोजायला बंगळूरहून एक तंत्रज्ञ आला. दुपारची वेळ, पेठ झोपलेली. त्याचं मीटर समाधानाने स्थिर. तो सामान आवरायला लागला तशी शशीबाय म्हणाली, "हें न्हय. शिगम्याक कितें करतलें?" शिगम्याला आमच्याकडे ढोल-ताशे घेऊन रोमट निघतं, आणि ते नेमकं याच रस्त्याने देवळाकडे जातं. शंभर माणसं एकाच ठेक्यावर पाय आपटतात. ते मोजल्याशिवाय ही सही करणार नव्हती.

पण शिगमा संपून दोन महिने झालेले. अवेळी ढोल देवळातून काढायचा तर देवाला सांगावं लागतं, गाऱ्हाणं घालावं लागतं. शशीबायने देवळातल्या मानकरी आबांना गाठलं. आबांनी यंत्र म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटच्या मधोमध, मीटरच्या शेजारी नारळ ठेवून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरू केलं, "आज अवेळार तुजो ढोल भायर काडलो आसा, ताची चूकभूल पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"ही सायबीण बारीक वस्तू पळयता. आमच्या डोळ्यांक दिसना ती तिका दिसता. तिचां यंत्र हालू नये, कोणाच्या पायान हालू नये, कोणाच्या नदरेन हालू नये."

"व्हय म्हाराजा."

यातल्या दुसऱ्या 'व्हय म्हाराजा'त बंगळूरच्या तंत्रज्ञाचाही आवाज होता. मी त्याच्या बाजूलाच होतो. मग ढोल सुरू झाले. अकरा वाजता भर उन्हात रोमट. दुकानं सोडून माणसं आली, पोस्टातले दोघे आले, कोणीतरी गुलाल शोधून आणला. डॉ. मीनाक्षी आधी कडेला उभ्या होत्या, पाच मिनिटांनी त्यांची चप्पल ठेक्यात हलत होती. मीटरचा आकडा असा उडाला की तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. मग शशीबाय मीटर उचलून उताराखाली गेली, जिथे आम्ही कातळापर्यंत खोदलं होतं, आणि तिथे ठेवलं. वर ढोल फुटायची वेळ आलेली आणि खाली आकडा शांत. सूक्ष्मदर्शक तळमजल्यात कातळावर गेला तो असा. तंत्रज्ञाने अहवालात वरच्या आणि खालच्या जागेचे आकडे शेजारी लिहिले, आणि हादऱ्याचा स्रोत या रकान्यात 'रोमट' असा शब्द. बंगळूरच्या कचेरीने त्याचं काय केलं कोण जाणे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग बैठक आली.

विद्यापीठाचे कुलसचिव इनामदार साहेब. मूळचे घाटावरचे, सरळ, नियमाला पक्के, आणि खरं सांगायचं तर सज्जन. त्यांचं म्हणणं एकच. विद्यापीठाच्या प्रत्येक इमारतीला कुंपण भिंत असते, दोन मीटर उंच, तिला फाटक, फाटकाला रखवालदार. आत रसायनं आहेत. शशीबाय समजावत राहिली की प्रयोगशाळांचं दार आतल्या चौकात आहे, त्याला दोन कुलपं आहेत, आणि रस्त्याच्या बाजूला नुसती जाड भिंत आणि सोपो. पेठेतल्या कुठल्याच घराला कुंपण नाही, मग आपण एकट्याने पाठ फिरवून बसायचं का. इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं. इमारतीनंतर भिंत बांधावी असं ठरलं. इतिवृत्त आलं त्यात आणखी एक ओळ होती: 'रस्त्यालगतचा सोफा अनावश्यक असल्याने रद्द.'

मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती ते कागद मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवशी ती हसली नाही. "बांदतलें, आनी मागीर धांपतलें," एवढंच म्हणाली. बांधणार आणि मग झाकणार. तिच्या सोप्यापुढे दोन मीटरची भिंत, म्हणजे सोपो असून नसल्यासारखा. हे तिचं शेवटचं मोठं काम असणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. डॉक्टरने तिला स्कूटर सोडायला सांगितली होती, आणि तिने डॉक्टरला पयलें बस, मागीर बोल म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, मग सोपो आराखड्यातून काढायचा का. ती चमकून माझ्याकडे बघत राहिली.

"कित्याक? तांणी सोफो रद्द केला."

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. सोपो बांधला गेला. सावित्रीच्या मापाने, जांभ्या चिऱ्याचा, वरून गुळगुळीत लाल.

आता सोपो या शब्दाची दुसरी बाजू सांगायला हवी. आमच्या पालिकांमध्ये सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्याकडून जागेसाठी घेतात ती पट्टी. आणि बोलता बोलता ती जागासुद्धा. 'तिका सोपो मेळ्ळो' म्हणजे तिला बाजारात बसायची जागा मिळाली. शशीबायचा अर्ज मराठीत होता, तिच्या हाताने लिहिलेला, आणि त्याची एक प्रत विद्यापीठात गेली तशी दुसरी पालिकेत. त्यात लिहिलेलं: 'रस्त्याच्या बाजूस अखंड सोपो, लोकांना बसण्यासाठी.' पालिकेतले बाजार निरीक्षक उल्हास यांनी तो वाचला आणि त्यांना गहिवरून आलं. पेठेतलं गटार खोदायला घेतल्यामुळे बायका कुठे बसवायच्या ही चिंता त्यांना रात्रंदिवस होती, आणि इथे विद्यापीठ आपणहून चाळीस मीटर जागा देतंय. त्यांनी ठराव करून घेतला, विद्यापीठाला आभाराचं पत्र धाडलं, आणि सोपो वाळल्यावर त्यावर पिवळ्या रंगाने आकडे घातले. आभाराचं पत्र विद्यापीठात पोचलं. कुणीतरी ते सोफ्याच्या फायलीत लावलं.

भिंतीचा पाया खणायला जेसीबी आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. मी सकाळी आठला पोचलो तर सोप्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका. वळेसर, मिरच्या, तांबडी भाजी, लिंबू, सुंगटं म्हणजे कोळंबी. एक नंबरवर सावित्री, मांडीवर फुलांची पाटी, हातात पावती. जेसीबीवाला इंजिन बंद करून तिच्याकडून बायकोसाठी वळेसर घेत होता. मी शशीबायला फोन केला. इनामदार साहेब विद्यापीठाच्या गाडीतून उतरले तेव्हा मी मागच्या मागे चौकात जायच्या विचारात होतो.

"बाई, उठा तुम्ही सगळ्या," इनामदार म्हणाले. "इथे भिंत होणार आहे."

"हांवें सोपो भरला," सावित्रीने पावती वर केली.

"सोफा?" इनामदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, सोफा रद्द झालाय."

उल्हास धावत आले. "साहेब, सोपो तुम्हीच दिलात. आमचा ठराव आहे, आभाराचं पत्र आहे."

"आम्ही? समितीने तो रद्द केलाय. इतिवृत्तात आहे."

तेवढ्यात स्कूटर आली. शशीबायने ती स्टँडला लावली, पिशवीतून इतिवृत्ताचा कागद काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "'रस्त्यालगतचा सोफा अनावश्यक असल्याने रद्द.' बरोबर आसा. खंय आसा सोफो? दाखयात म्हाका, आतांच रद्द करूंया."

चाळीस मीटर लांब हशा पिकला. तो एक नंबरपासून सुरू होऊन सुंगटांपर्यंत गेला आणि परत आला. जेसीबीवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. इनामदार मात्र हसले नाहीत, ते लाल झाले होते, आणि मला त्यांची दया आली. शशीबायलाही आली असावी. ती त्यांच्याजवळ गेली.

"साहेब, पयलें बसा, मागीर बोला."

सावित्रीने पाटी सरकवून जागा केली. इनामदार बसले. त्यांचे पाय नेमके जमिनीला टेकले, ना लोंबकळले ना दुमडले, आणि ते त्यांच्या लक्षात आल्याचं मला दिसलं. मग शशीबाय त्यांच्याशी सरळ मराठीत बोलली, इतकं हळू की मी वाकून ऐकलं.

"भिंत तुम्हाला बांधायची तर बांधा साहेब. तुमचा अधिकार आहे. पण मग या बायकांना उठा म्हणून तुम्ही एकेकीला सांगा. मी सांगणार नाही. माझ्या आईला इथून उठवणारे पुष्कळ होते, त्यात माझी भर नको."

तिने दिलेलं कांकण इनामदारांनी हातात घेतलं आणि त्याचं करायचं काय ते न समजून धरून ठेवलं. शेवटी त्यांनी मला बोलावलं. "विनायकराव, भिंत मंजूर झालेली आहे. ती कुठेतरी बांधावी लागेल." पुढे जरा थांबून म्हणाले, "मागे व्हाळाच्या बाजूला कुंपण नाहीच ना?"

नव्हतंच. ती भिंत व्हाळाच्या काठावर आजही उभी आहे, दोन मीटर उंच, नियमाप्रमाणे. तिकडून बेडकांखेरीज कोणी येत नाही. डॉ. मीनाक्षींचं यंत्र कातळावर शांत आहे, आणि शिगम्याला त्या स्वतः बाहेर येऊन सोप्यावर बसतात.

मी शशीबायला पुष्कळदा विचारलं, खरं सांग, हे सगळं तू मुद्दाम केलंस? पालिकेला सोपो या शब्दाचा अर्थ काय लागणार हे तुला ठाऊक होतं? ती दरवेळी तेच सांगायची. "विनायका, सोपो म्हळ्यार सोपो."

तिला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्यानंतर गणपतीच्या चवथीच्या आधी ती वारली, पार्शाला, घरीच. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी पेठेतून जात होतो आणि ती सोप्यावर नऊ नंबरच्या जागेवर बसलेली दिसली. नऊवाली बाई त्या दिवशी आली नव्हती. स्कूटर सुटली होती, बसने आली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे तसेच मिश्कील. मांडीवर खाकी पिशवी. पलीकडून सोपो गोळा करणारा आला. नवा होता, तिला ओळखत नव्हता.

"जिन्नस कितें बरोवं?" त्याने पावतीपुस्तक उघडून, पेन टेकवून विचारलं.

मी मध्ये पडणार होतो, अरे, ही कोण आहे माहीत आहे का. तिने हातानेच मला थांबवलं आणि पिशवी उघडून त्याला दाखवली. आत एक कांकण, खडूचा तुकडा, टेप. विकण्यासारखं काही नव्हतं.

"बसप," ती म्हणाली. "जिन्नस बसप. तशें बरय."

त्याने मान खाजवली, आणि लिहिलं तसंच. पावती फाडून दिली. तिने ती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

"आवयक केन्नाच पावती मेळ्ळी ना," ती मला म्हणाली. "सोपोवालो पावसर आमकां उठयलेलीं आसतालीं." सोपोवाला पोचेपर्यंत त्यांना उठवलेलंच असायचं. आणि मग डबी मिटून, पाय सरळ पसरून, "आतां कोण उठयता तें पळयां."

मला घाई होती, निघालो. पुलापर्यंत गेल्यावर वळून पाहिलं, तर ती बसलेली होती.